साबुदाण्यावरचा निळा डाग

बायको माझ्या शर्टाचा खिसा हुंगते, हे मला मुलीकडून कळलं. "बाबा, सच बताओ, समोसा ना?" असं तिनेही हसत विचारून घेतलं.

आम्ही नुकतेच नोएडात राहायला आलो होतो. सेक्टर नवा, निम्मे प्लॉट मोकळे. नव्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत मला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "गेहूँ-चावल बंद, मीठा बंद, रोज एक घंटा चलिए. दो महीने देखते हैं, नहीं तो इंसुलिन."

इंसुलिन म्हटलं की मला वडील आठवत. ते शिंपी. आयुष्यभर सुई धरलेला त्यांचा हात स्वतःच्या मांडीत टोचताना मात्र थरथरायचा. काही झालं तरी ती वेळ मला यायला नको होती.

बायकोने घरी परततानाच तोड काढली. "गहू नाही, तांदूळ नाही, म्हणजे उपवासच की! त्याची आपल्याला कसली भीती?"

दुसऱ्या दिवसापासून साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. साखर कणभर नाही. वरई संपली की ती दिल्लीत पहाडगंजच्या मराठी दुकानातून घेऊन येई. मी रोज पार्कात तासभर फेऱ्या मारत होतो. महिन्याने रक्त तपासलं, तर साखर वाढलेली.

मला लॅबचा संशय आला. दुसरीकडे तपासलं, तिथे आकडा आणखी वर. बायकोला माझा संशय आला. ती पार्कात माझ्यामागे वीस पावलं ठेवून चालू लागली. फाटकावरच्या जिलबीवाल्याला तिने सरळ विचारलं, "भैया, ये रोज खाते हैं क्या?"

"ये साब? ये तो देखते भी नहीं."

"त्याला पढवून ठेवलंय तुम्ही," ती मला म्हणाली. त्या आठवड्यात आम्ही मीठ-तेलापलीकडे फारसं बोललो नाही.

दोन महिने भरले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "खाते क्या हैं?" बायकोने रोजच्या जेवणाची वही उघडली आणि अभिमानाने वाचायला लागली. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"साबूदाना? रोज? मॅडम, ये तो रोटी से भी आगे है."

"पर ये व्रत में चलता है."

"व्रत में भगवान देखते हैं. मैं तो खून देखता हूँ." त्यांनी आणखी एक महिना दिला. शेवटचा.

"त्यांना काय कळतंय आपल्या उपवासातलं," बायको वाटेत पुटपुटली. मला मात्र शाळेतले विज्ञानाचे मास्तर दिसत होते. त्यांनी वडिलांची समजूत घातली म्हणून मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, तोही रसायनशास्त्राचा. त्यांनी वर्गात बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला होता. पिष्ट असलं की निळं होतं आणि पिष्टाची पोटात साखरच होते, हे मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि दोन महिने ताटात वाढून घेतलं.

घरी आल्यावर जखमेवर लावायची टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. भिजवलेल्या साबुदाण्यावर एक थेंब टाकला. दाणे काळेनिळे झाले.

बायको वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "वरईवर टाका." तीही निळी. "बटाटा?" तोही. तिने बाटली माझ्या हातातून घेतली आणि काकडीच्या कापावर स्वतः थेंब टाकला. पिवळट डाग पडला, तसाच राहिला.

"आणि जिलबी?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही गं. एकदाही नाही."

त्या संध्याकाळपासून ती फिरायला माझ्या बरोबरीने चालू लागली. जेवणात मेथी, पनीर, अंडी, काकडी, वाटीभर मुगाचं वरण. महिन्याने डॉक्टरांनी आकडा बघितला आणि इंसुलिनचं नाव काढलं नाही. बायकोने रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "रक्त तुमचंच होतं ना?"