उपाशी ठेवायची मेंढी

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असावा. मेंढरं विकून आम्ही सणसरला ऊस लावला होता, पण माझं मन काही उसात रमेना. बारामतीजवळ एका डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी मेंढ्या ठेवल्या होत्या, तिथं राखणीला लागलो. मी दुसरी नापास. पण मेंढरातलं मला कुणी शिकवायचं न्हाय, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

बाईंनी काम समजावलं. माणसाच्या मेंदूभोवती रक्त सांडलं, की चार-सहा दिवसांनी तिथल्या शिरा आवळतात आणि वाचलेला माणूसही हातचा जातो. म्हणून त्या भूल देऊन मेंढीचंच थोडं रक्त तिच्या मेंदूभोवती सोडायच्या, मग नवं औषध द्यायच्या आणि पुन्हा भूल देऊन शिरांचा फोटो काढायच्या. मला ते गोड वाटत नव्हतं. पण पाठीवरनं हात फिरवल्याशिवाय बाई मेंढीला सुई लावत नसत, हेही मी बघितलं होतं.

भुलीआधी दिवसभर मेंढी उपाशी ठेवायची, हा त्यांचा नियम. आमच्यात मेंढरू दुसऱ्याच्या हाती देताना कधी उपाशी देत न्हाईत. औषध चालू असलेली पहिली मेंढी फोटोला न्यायची, त्या सकाळी मी तिला ओंजळभर ज्वारी चारली, वर लसूणघासाची पेंडी टाकली. भुलीत तिच्या पोटातलं वर आलं, श्वास कोंडला आणि ती टेबलावरच गेली.

काही चारलं होतं का, असं बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. मी न्हाय म्हणालो. मग त्यांना वाटलं, औषधानंच घात केला. दुपारी वहीत तसं लिहून ते औषध बंद करायला निघाल्या, तेव्हा मात्र मला राहवेना.

“बाई, मीच चारलं. औषधाला बोल लावू नका.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत, आबा?”

“चाळीस वर्सं मेंढरं राखली. माझ्या हातानं मेंढरू गेलं, हे तोंडातनं निघंना.”

बाईंनी वहीतली ओळ खोडली, नवी लिहिली आणि खाली माझी सही घेतली. मला वाटलं, आता घरी जायचं.

पण पुढच्या मेंढीला भूल द्यायच्या आदल्या दिवशी चाऱ्याच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याच हातात ठेवली. मेंढी दिवसभर ओरडत होती. मी तिच्याजवळ बसून राहिलो, पण तिच्यापुढं काडी टाकली न्हाय.