चूलबंद आवतण आणि एका घरचा धूर

तुमच्या गावात कोणत्या घरी आवतण जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नीट आठवून पाहा. आठवत नसेल तर एक तर तुमचं गाव खरंच चांगलं आहे, किंवा त्या घराकडे बघायचं तुम्ही सोडून दिलं आहे. मी सोडून दिलं होतं, तेही अंगावर खाकी असताना. निवृत्त झालो, गणवेश बोहारणीला द्यायच्या लायकीचा झाला, तरी ती घटना डोक्यातून जात नाही.

सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. औंधची यमाई ज्या डोंगरावर बसली आहे तो डोंगर ठाण्याच्या गच्चीवरून दिसायचा. सोमवारी मी स्वतः अर्ज ऐकायचो. बांधाचे, जनावरांचे, दारुड्या नवऱ्यांचे. त्या सोमवारी पन्नाशीच्या एक बाई आल्या. माजी सैनिकाची बायको. नवरा लकवा होऊन अंथरुणाला खिळलेला. अर्जात एकच वाक्य होतं : गावाने आम्हाला वाळीत टाकले आहे.

हकिकत अशी. त्यांची मुलगी सांगलीला विश्रामबागेत राहून शिकली आणि तिथेच ओळख झालेल्या, कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी तिने रजिस्टर लग्न केलं. मुलगा अशा समाजातला, ज्याला हे गाव आजही खालचा समजतं. आई-वडिलांना लग्न मान्य होतं. गावाला पत्ता नव्हता. पुढे त्या दोघांनी आंतरजातीय विवाहाच्या सरकारी योजनेचा अर्ज भरायला घेतला आणि त्यासाठी मुलीचा रहिवासी दाखला लागला. आई ग्रामपंचायतीत गेली. दाखला कशासाठी हवा, या रकान्यात तिने खरं ते लिहिलं. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"कायच झालं न्हाई सायेब. त्या दिवसापास्नं कायच हुईना झालंय."

"मारहाण? शिवीगाळ? पाणी तोडलं?"

"न्हाई."

"मग मी गुन्हा कशाचा घेऊ? पुरावा काय?"

"जो माणूस आमच्या दारात आलाच न्हाई, त्याचा पुरावा कुठनं आणू? तुमीच सांगा."

त्या उठता उठता म्हणाल्या, "मला कुणाला जेलात घालायचं न्हाई. मालकांचं आता काय खरं न्हाई. फौजेत असताना किती जणास्नी खांदा दिला त्यांनी. त्यास्नी चार खांदे मिळतील का, येवढंच बघा."

आता कबुली देतो. मला त्या बाईचा संशय आला. भावकीचा वाद असेल, गावावर दबाव आणायचा असेल, योजनेसाठी कागद तयार करत असतील. पोलिसाचा संशय राखणीच्या कुत्र्यासारखा असतो; फाटक्या कपड्यावर आधी भुंकतो.

दुसऱ्या दिवशी बीट हवालदारांना घेऊन गावात गेलो. देवळापुढच्या पारावर गावचे कारभारी बसले होते. गाव त्यांना बापू म्हणायचं.

"वाळीत?" बापू पोट धरून हसले. "आवं सायेब, कुठल्या जमान्यात हाय तुमी? लेकीनं त्वांड काळं केलं, म्हून लाजंनं घरातनं भायेर पडंना झाल्यात ती. आमचं काय न्हाई, त्येच येत न्हाईत." मग जवळ सरकून म्हणाले, "आन् अनुदान हाय न्हवं त्येच्यात. तुमी शाणं हाय."

मी अकरा जणांचे जबाब घेतले. अकरा जण म्हणाले, "आमचं काय न्हाई, त्येच येत न्हाईत." शब्दसुद्धा तेच. दरोडेखोरांच्या टोळीने मला एकच वाक्य अकरा वेळा ऐकवलं असतं, तर मी सगळ्यांना तिथल्या तिथे गाडीत घातलं असतं. पण ही प्रतिष्ठित माणसं होती. त्यांनी चहा दिला होता, तो मी प्यायलो होतो.

मग बाईंच्या घरी गेलो. त्यांनी तांब्या-भांडं आणलं. "नको, ड्यूटीवर आहे," मी उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच म्हणालो.

तांब्या हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "सा म्हैनं झालं, भायेरच्या कुणी या घरचं पाणी प्यालं न्हाई. म्हटलं, सायेब तरी पितील."

आतून खाटेवरून फौजी बोलले. तोंड वाकडं झाल्यामुळे शब्द ओढत येत होते. "जाऊ दे गं. आर्डर नसंल त्यास्नी."

ठाण्यावर येऊन मी शेरा लिहिला : 'चौकशीअंती अर्जात तथ्य आढळून आले नाही. दप्तरी दाखल.' सही केली. फाइल कपाटात गेली.

पंधरा दिवसांनी एस.टी. स्टँडवर चहा पीत होतो. ओळखीचा एक कंडक्टर शेजारी येऊन बसला. "सायेब, एक कोडं हाय. एक मावशी दर आठवड्याला जोंधळ्याचं बोचकं घेऊन आमच्या गाडीत चढती, फुडल्या गावात दळान करून माघारी जाती. आन् गिरण हाय तिच्याच आळीला! मी इचारलं, तर म्हनाली, 'आमच्या गिरनीचा पट्टा मला बघूनच तुटतो.' लय हसलो गड्या गाडीत आमी. रातच्याला घरी जाऊन जेवाय बसलो, तवा हसू गेलं."

गावाचं नाव मी विचारलं नाही.

हवालदारांना साध्या कपड्यांत, जोंधळ्याची पिशवी देऊन त्या गिरणीत पाठवलं. दहा मिनिटांत दळण आलं. मी स्वतः जाऊन विचारल्यावर गिरणीवाला घाम पुसत म्हणाला, "मशीन हाय सायेब, पट्टा तुटतो कवा कवा." आता संशयाने दिशा बदलली होती. पण पट्टा तुटतो यावर आरोपपत्र उभं राहत नाही.

त्याच आठवड्यात बापूंच्या पुतण्याचं लग्न होतं. गावाला चूलबंद आवतण. म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही. ज्याचं लग्न त्याची इभ्रत त्यावर ठरते. ऐन दुपारी मी आणि हवालदार गावाच्या वरच्या अंगाला माळावर जाऊन उभे राहिलो. गॅस आला तरी तिकडे भाकरी चुलीवरच होते. रोज त्या वेळी घराघरांतून धूर निघायचा. त्या दिवशी सगळी छपरं थंड होती. मधल्या आळीत एकच धूर.

हवालदार म्हणाले, "सायेब, पुरावा पायजे हुता न्हवं? त्यो बघा, वर चाललाय."

पण धुराचा पंचनामा करून न्यायालयात काय सांगणार? आवतण चुकून राहिलं, असं म्हणायला कुणाला किती वेळ लागतो? ते आवतण देणारा माणूस हवा होता. देवळात दिवाबत्ती करणारे एक म्हातारे आण्णा पिढीजात हे काम करायचे. लग्न असो की मयत, निरोप त्यांच्याच पायांनी घरोघर जायचा. त्यांना ठाण्यात बोलावलं. दोन तास मी आवाज चढवला, उतरवला, चहा पाजला. एकच उत्तर. "म्हातारा मानूस, इसरलो असंल."

भ्यालेल्या माणसाला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले की तो जिभेवर पहारा बसवतो. त्याला त्याच्या कामावर नेलं की हा पहारा सुटतो. एवढं मी नोकरीत शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शासकीय पंच सोबत घेतले आणि आण्णांना गावात त्यांच्याच वाटेवर उभं केलं.

"आण्णा, तुम्ही आवतण कसं देता, तेवढं चालून दाखवा. बाकी काही विचारत नाही."

आण्णा चालू लागले. डाव्या अंगाची भिंत धरून. दर उंबऱ्यापुढे थांबायचं, अक्षता ठेवल्यासारखा हात करायचा, "चूलबंद आवतण हाय, समद्यांनी यावं," म्हणायचं आणि पुढे. आवाजाला ठेका आला. आम्ही मागून चालतोय याचा त्यांना विसर पडला. मधली आळी आली. एक घर, दुसरं घर. आणि आण्णांनी रस्ता ओलांडला. पलीकडच्या भिंतीला लागून दहा-बारा पावलं गेले आणि परत अलीकडे येऊन पुढच्या उंबऱ्याशी थांबले. मधलं घर फौजींचं होतं.

"आण्णा, रस्ता का ओलांडला?"

त्यांनी मागे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"सा म्हैनं झालं," ते खाली बसत म्हणाले. "पायांस्नी सवय लागली."

"कुणी लावली?"

"त्या उंबऱ्याला सावली बी लागू द्यायची न्हाई, असं ठरलंय. आमुशाला. देवळात नारळ फोडून. मीच दिवा लावला हुता सायेब." त्यांनी फौजींच्या दाराकडे हात केला. "त्या पोरीच्या बारशाचं आवतण मीच दिलं हुतं समद्या गावाला."

देवळात कोण कोण होतं, नारळ कुणी फोडला, काय शब्द उच्चारले, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तसंच सांगितलं. गिरणीवाल्याने त्याला दुजोरा दिला. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याखाली मी गुन्हा दाखल केला आणि माझ्याच सहीने बंद केलेली फाइल माझ्याच हाताने कपाटातून काढली.

बापू ठाण्यात तणतणत आले. "कुणाच्या घरी जावावं, कुणाच्या न्हाई, ही आमची मर्जी हाय. सरकार काय आता आमाला हात धरून पाव्हनं म्हून न्हेनार?"

"तुमची एकट्याची मर्जी असती तर मी विचारलं नसतं," मी म्हणालो. "सगळ्या गावाला शपथ घालून लादलेली मर्जी हा गुन्हा आहे. ही नोटीस, इथे सही करा."

एफ.आय.आर.ची प्रत द्यायला मी फौजींच्या घरी गेलो. उंबरा ओलांडून आत बसलो आणि पाणी मागितलं. फौजींनी माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. "आर्डर आली वाटतं," म्हणाले. मी भांडं उचललं आणि पाणी प्यायलो.

दीड महिन्याने ते गेले. हवालदारांचा फोन आला, मी साध्या कपड्यांत गेलो. सकाळी आण्णा निरोप घेऊन निघाले होते, कुणी न सांगता. या वेळी एकाच भिंतीने सबंध गाव चालले. सगळं गाव आलं, असं लिहायला मला आवडलं असतं. आलं नाही. बरेच जण दारात उभे राहून बघत होते. पुढचे दोन खांदे, एक जावयाचा आणि एक त्याच्या कुपवाडच्या मित्राचा. मागे आण्णा. चौथी जागा रिकामी. कुणी हलेना. मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात आळीतून गिरणीवाला धावत आला आणि त्याने खांदा दिला. त्याच्या हाताला पीठ तसंच होतं. तो पुढे आला आणि दारातली काही माणसं मागून चालू लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? विषमतेविरुद्ध आपण कायदे केले, योजना आणल्या, आणि ते सारं राबवायला माझ्यासारखी माणसं बसवली, जी प्रतिष्ठितांचा चहा पितात आणि वाळीत टाकलेल्या घरचं पाणी टाळतात. योजनेचा अर्ज चावडीवर वाचला जाणार असेल, तर ती योजना त्या माणसाला एकटं पाडून सोडते. 'तथ्य आढळून आले नाही' हा शेरा मी आयुष्यात कितीदा लिहिला, ते मोजायची मला हिंमत होत नाही. तथ्य तिथेच होतं. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. पुढच्या वेळी गावात चूलबंद आवतण असेल, तेव्हा पंगतीला बसण्याआधी एकदा छपरांकडे बघा. कुठे धूर दिसला तर ताट बाजूला ठेवा, त्या घरी जा, आत बसा आणि पाणी मागा. त्यांना ठाण्यात जायचं असेल तर सोबत जा. ऑर्डरची वाट बघू नका.