शेवटचं काय ऐकलं?

कुणी मोबाइलवर काही दाखवायला लागलं की टावरवाले काका आधी पडद्यावर पंजा ठेवायचे. चित्र पूर्ण झाकायचे आणि विचारायचे, "हे आत्ताचं हाय का मघाचं?" उत्तर मिळेपर्यंत पंजा उचलायचे नाहीत. उत्तर मिळाल्यावरही त्यांना ते पटलेलं असायचंच असं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात हे एकच होते. माळावरच्या सरकारी टीव्ही प्रक्षेपण केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढं केंद्र बंद झालं, टावर उतरवला, काका निवृत्त झाले. नाव मात्र तेच राहिलं. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर. पांढरा शर्ट, खिशात छोटी वही, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ रोज सकाळी रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहायचे. घड्याळावरही त्यांचा भरवसा नव्हता.

माझा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, कुस्त्या, शाळेचं गॅदरिंग असं मोबाइलवर थेट दाखवायचं काम मी सुरू केलं, तेव्हापासून काका माझ्यावर नजर ठेवून होते. एकदा क्रिकेटचा सामना त्यांनी शेजाऱ्यांच्या घरी बसून पाहिला. समोर टीव्ही, मांडीवर मोबाइल. टीव्हीवर गडी बाद होऊन तंबूत निघाला तरी मोबाइलवर गोलंदाज अजून पळतच येत होता. दुसऱ्या दिवशी वही उघडून ते स्टुडिओत आले.

"अर्धा मिनिट शिळं हाय. ताजं म्हणून शिळं वाढता व्हय गं तुमी?"

मी समजावलं की इंटरनेटवर चित्राचे तुकडे पाडून पाठवावे लागतात, ते मोबाइलमध्ये थोडे साठले की मग दिसायला लागतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या टावरला एक घर बघू दे न्हायतर आख्खा तालुका, भार तेवढाच. तुझ्याकडं हरेकाला वेगळं ताट. पंगत वाढली की तू कमी पडणार."

मला तेव्हा राग आला होता.

गावातली निम्मी माणसं कामाला पुण्यात आणि हैदराबादेत. त्यांनाही दिसावी म्हणून सरपंचांनी ग्रामसभा लाइव्ह दाखवायची ठरवली आणि काम मला दिलं. त्या दिवशी महत्त्वाचा विषय शाळेशेजारच्या मोकळ्या जागेचा होता. दहावी-बारावीच्या मुली तिथं अभ्यासिका मागत होत्या. उपसरपंचांच्या माणसांना तिथं दुकानांचे गाळे हवे होते.

जागेचा विषय निघाला आणि मंडपात एकच गलका झाला. नेमकं तेव्हाच लोकांच्या मोबाइलवर चित्र थांबून गोल फिरायला लागलं. जागा मंजूर झाली की विषय पुढं ढकलला, हे मंडपात बसलेल्यांनाही नीट कळलं नाही. दुपारी पंचायतीच्या पेजवरून व्हिडिओ नाहीसा झाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'विषय तहकूब'.

मग गावाच्या ग्रुपवर सुरू झालं. स्टुडिओवालीनं मुद्दाम कापलं, ती मॅनेज झाली. ओळखीच्या बायका दुकानावरून जाताना मान वळवायला लागल्या. ठरलेलं एक लग्नही दुसऱ्याकडं गेलं.

त्यातच एका सकाळी काका आले. मला वाटलं, हे आता उरलेलं बोलणार. ते स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास न्हाय. पण त्यांच्यावर बी न्हाय."

तीन दिवस ते गावभर हिंडले. ज्यानं ज्यानं लाइव्ह पाहिलं होतं त्याच्या दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचं काय ऐकलं?" उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. पुण्याला फोन केले, हैदराबादेला केले. एकाचं चित्र त्याआधीच्या, पाण्याच्या टाकीच्या विषयावरच अडकलं होतं. एकीला सरपंचांचा वर केलेला हात दिसला आणि तो खाली आलाच नाही. हैदराबादेत ट्रक चालवणाऱ्या एकानं मात्र नळदुर्गजवळच्या धाब्यावर थांबून शेवटच्या नमस्कारापर्यंत सगळं पाहिलं होतं. हॉर्नच्या आवाजात शब्द मात्र त्याला धड कळले नव्हते.

चौथ्या दिवशी काकांनी पंचायतीसमोरच्या हॉटेलात वही वाचून दाखवली. पोरीनं कापलं असतं, तर सगळ्यांचं एकाच वाक्यावर तुटलं असतं. हरेकाचं वेगळ्या जागी तुटलंय, म्हणजे तिच्याकडून निघालेलं नीट निघालं, पुढं वाटेत गर्दी झाली. मंडपात बसूनही निम्मं गाव तेच मोबाइलवर बघत होतं, त्याचाही भार पडला, असंही त्यांनी सांगितलं. लोकांनी ऐकलं. दुपारपर्यंत ग्रुपवरचा माझा विषय बंद झाला.

मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पुडा हातात घेतलाच नाही.

"तुझ्याकडं प्रत हाय का?"

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. लॅपटॉपमध्ये पूर्ण सभा होती. ती फाइल काढून टाक, पुढची कामं तुलाच देऊ, असा उपसरपंचांचा फोन आला होता. मी फाइल काढली नव्हती, आणि त्यांना नाहीही म्हणाले नव्हते.

काकांनी वही चाळली, मी प्रत्येक लाइव्हची प्रत ठेवते हे त्यात लिहिलेलं होतं. मग म्हणाले, "कापलं न्हाईस, हे म्या गावाला सांगितलं. लपवलंस ते तूच सांग."

त्यानंतर ते रोज दुकानावरून जायचे, पण आत बघायचे नाहीत. ग्रुपवरच्या शिव्या मला सोसल्या होत्या, हे सोसेना. पुढच्या ग्रामसभेत मी लॅपटॉप घेऊन उभी राहिले. प्रत माझ्याकडं आहे, ती पुसायला मला सांगितलं होतं आणि इतके दिवस मी गप्प बसले, एवढं सांगितलं. मग व्हिडिओ लावला. माझा माइक सरपंचांच्या पुढ्यातच होता. त्यांचा आवाज स्वच्छ आला, "अभ्यासिकेला जागा मंजूर. हरकत कुणाचीच न्हाय." उपसरपंच उठून गेले. उपसरपंचांना सांभाळून इतके दिवस गप्प राहिलेल्या सरपंचांनी मग इतिवृत्त मागवून घेतलं आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करायला लावलं.

काका मागून उठून पुढं आले. व्हिडिओत मंडपामागं दिसणाऱ्या पंचायतीच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत ते चष्मा वर करून पाहिलं, जागेचा विषय निघाल्याची वहीत टिपलेली वेळ काढली, दोनदा ताडून पाहिली. "जुळतंय," एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्या जागेवर आता पत्र्याची खोली आहे. आत दोन लांब टेबलं आहेत आणि मुली तिथं अभ्यास करतात.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांची एकुलती एक लेक मस्कतला नर्स आहे. तिला येणं जमेना. फोनवर ती थोडंच बोलली: ताई, मला शेवटचं दिसेल एवढं करा. मी फक्त तिच्यासाठी लिंक तयार केली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, त्रिसरण-पंचशील झालं, भावकीतल्या पुतण्यानं अग्नी दिला. पडद्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा एकच होता.

हळूहळू माणसं पांगली. पुतण्या हात धुऊन गेला. दाखवायला आता काही राहिलं नव्हतं, मी बंद करायला बोट पुढं नेलं. कोपऱ्यातला एकचा आकडा तसाच होता. मी बोट मागं घेतलं आणि फोन दोन्ही हातांनी नीट धरून त्या उन्हात उभी राहिले.