उलटी उघडलेली पुस्तकं

कतारमध्ये, दोह्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी सात वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. तेवढ्या काळात आमच्या मॅनेजरनं एकही पुस्तक वाचायला नेलेलं मला आठवत नाही. कपाटांची लांबी-रुंदी मात्र त्याला तोंडपाठ. २००० नंतर आउटसोर्सिंगची साथ आली आणि या गृहस्थानं नोंदींचं काम भारतातल्या एका कंपनीला देऊन टाकलं. वर मला म्हणाला, "आपके ही लोगों को काम मिल रहा है, खुश हो जाओ." माझं काम गेलं, आणि खूशही मीच व्हायचं!

पुस्तकांची पहिली पानं स्कॅन करून पाठवायला त्यानं कंत्राटदार धरला. त्याची माणसं अरबी पुस्तकंसुद्धा इंग्रजीसारखी डावीकडून उघडत. अरबी पुस्तक सुरू होतं उजवीकडून. डावीकडून उघडलं की हाती लागतं शेवटचं पान, आणि त्यावर छापखान्याचं नाव. मी दोनदा जाऊन सांगितलं. मॅनेजरनं हात झटकला, "यल्ला, चलो, उन्हें काम करने दो." भारतातल्या कंपनीनं आलं ते मुकाट उतरवून घेतलं. सूची तयार होऊन आली तेव्हा कवी, इतिहासकार, हकीम, सगळ्यांच्या पुस्तकांना लेखक म्हणून बैरूतच्या एकाच छापखान्याचं नाव लागलं होतं. हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. मॅनेजरनं त्याच सूचीचे रंगीत तक्ते वरिष्ठांना दाखवून शाबासकी मिळवली.

मग एक कागद माझ्यासमोर आला: सूची तपासली, बरोबर आहे. सही माझीच हवी होती, कारण मॅनेजर धरून अख्ख्या विभागात अरबी लिपी वाचणारा मी एकटा. लहानपणी मदरशात शिकलो होतो. शुक्रवारी रत्नागिरीत माझ्या मुलीचा निकाह होता, आणि संस्थेच्या एग्झिट परमिटशिवाय तेव्हा कतारबाहेर पाऊल टाकता येत नसे. "साइन करो, खलास. परमिट टेबल पे है," मॅनेजर म्हणाला. खरंच होतं, त्याच्या चहाच्या कपाखाली.

मी सही केली. त्याला मूर्ख म्हणायचा माझा हक्क तिथेच संपला, तरी विमानात मुंबईपर्यंत मी म्हणतच होतो.

शुक्रवारी निकाहनामा समोर आला. मी घाईनं पेन उघडलं, तर काझीसाहेब म्हणाले, "सावकाश वाचा. सगळं बरोबर आहे ना बघा, मगच सही करा."

मला मान वर करवेना.