व्हॅलेन्सियाला येताय? नवं विचारून खा

मी इकडे यायला निघाले तेव्हा जव्हारच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आई आणि बाबा दोघंही आले होते. साखरशेतहून पहिली जीप पकडून आलो, तरी गाडी सुटायला अर्धा तास होता, आणि तो अर्धा तास बाबांनी वाया जाऊ दिला नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस, निरोपाचंसुद्धा त्यांनी भाषणच केलं. पासपोर्ट कुठे ठेवायचा, अनोळखी माणसाशी किती बोलायचं, सगळं झालं. शेवटचं वाक्य होतं, "जिथं राहशील तिथल्या अन्नाला नावं ठेवू नकोस." आई भाषणाच्या वाटेला जात नाही. तिने खिडकीतून नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "नवं खायला ये गं."

आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांत ठाण्या-पुण्याचेही आहेत. भात कापून झालं की नव्या तांदळाचा पहिला घास कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला. मग पितरांना. मग घरातल्या प्रत्येक माणसाचं पान मांडायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. तोवर नव्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. मी लहानपणी एकदा घातला होता, उखळापाशी, आणि आईच्या हातचा धपाटा अजून आठवतो.

नऊ वर्षं मी नवं खायला गेले नाही. इथल्या बंदरावर मालवाहतुकीच्या एका कंपनीत मी कागदपत्रं बघते. ऑक्टोबरपासून संत्र्यांचे कंटेनर सुरू होतात आणि नेमकी तेव्हा रजा मागणारी बाई साहेबांना दिसतही नाही. गावी जायचे, पण मे महिन्यात. आई दर ऑक्टोबरात फोनवर तेच वाक्य म्हणायची, मी दरवेळी पुढच्या वर्षाकडे बोट दाखवायचे. तिने कधी कुरकुर केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आईच इकडे आली. एकटी, दोन विमानं बदलून, गळ्यात बाबांनी लिहून दिलेला इंग्रजी कागद अडकवून. बाबा म्हशीसाठी मागे राहिले. परत गेल्यावर आईने गावभर व्हॅलेन्सियाची अशी वर्णनं केली की आता जामसरची मामेबहीण येतेय, मोखाड्याची माझी मैत्रीण आणि तिचा नवरा येताहेत, आणखी दोघं-तिघं मनातल्या मनात बॅगा भरताहेत. सगळ्यांचे प्रश्न तेच. म्हणून एकदाच लिहिते, नीट वाचा.

तूप, पेढे, खवा आणू नका. दुधाचं आणि मटणाचं काही विमानतळावरून आत सोडत नाहीत. आईचा तुपाचा डबा तिथेच राहिला आणि त्या अधिकाऱ्याला तिने मराठीत जे सांगितलं ते त्याला कळलं नाही हे बरं. विमानतळाच्या खालूनच मेट्रो शहरात येते, टॅक्सीच्या मागे लागू नका. दुपारी दोनच्या आधी जेवण मागू नका, मिळणार नाही. चारनंतर मागू नका, तेव्हाही मिळणार नाही. संध्याकाळी सातला जेवणारा माणूस इथे आजारी समजतात. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा. गर्दीत पिशवी पोटाशी धरा. ओळख झाली की इथल्या बायका दोन्ही गालांना गाल लावतात, दचकू नका. आईने पहिल्या दिवशी पदर पुढे केला होता, आठवड्याने तीच आधी गाल पुढे करायला लागली.

शहराच्या मधोमध नदी आहे, पण पाणी नाही. पुराला कंटाळून या लोकांनी नदी बाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. आई रोज सकाळी त्या पात्रातून चालायची आणि रोज म्हणायची, नदीला विचारलं होतं का. आणि ओर्चाता नक्की प्या. पांढरं, गोड, गार. आपल्या शेतातला लव्हाळा उपटता उपटता कंबर मोडते ना, त्याच्या सख्ख्या चुलतभावाच्या गाठी वाटून ते करतात. लव्हाळा मुद्दाम पेरणारी माणसं जगात आहेत हे आईने साखरशेतात जाऊन सांगितलं, तेव्हा तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही म्हणे.

आता भाताचं. चूक माझीच झाली, म्हणून सविस्तर सांगते.

शहराबाहेर बसने जाण्यासारखं एक मोठं सरोवर आहे, भोवती नजर पोचेल तिथवर भातखाचरं. पाएया म्हणतात तो पसरट कढईतला भात तिकडचाच. तो दुपारीच खायचा आणि निदान दोघांसाठी सांगावा लागतो. त्यात ससा असतो, कोंबडी असते, कुणाला चालत नसेल तर भाज्यांचा सांगा. मी आईला मोठ्या हौसेने घेऊन गेले. शेतात मशीन फिरत होतं, कापलेल्या पेंढ्याचा वास येत होता, आणि ती बसच्या काचेला नाक लावून बसली होती. आल्यापासून पहिल्यांदा ती मला इथली वाटली.

खाणावळ खाचरांच्या कडेलाच होती. मालकाने कढई टेबलावर आणून ठेवली आणि अभिमानाने सांगितलं की एरवी जुनाच तांदूळ वापरतो, पण आजचा यंदाचा, आमच्याच शेतातला, कालच पहिल्यांदा शिजवला. मी तितक्याच अभिमानाने आईला ते सांगितलं. आईने उचललेला चमचा खाली ठेवला.

"आपल्या घरी लोंबी अजून हिरवी हाय," ती म्हणाली. "देवानी खाल्लं नाय, मी कशी खाऊ?"

मी समजावलं. हे आपलं शेत नाही, आपले देव नाहीत, हा देश वेगळा. ती ऐकून घेत होती आणि खात नव्हती. मालक तोंड पाडून उभा. मला खरं सांगायचं तर राग आला. नऊ वर्षं मी जे अन्न खाऊन जगले ते हिला परकं वाटतंय, असं मनात आलं, आणि मी तसं बोलूनही गेले. म्हटलं, "तुला माझं इथलं काहीच आपलं वाटत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता.

"तसं नाय गं," ती म्हणाली. "इथली जी भुई तुला इतकी वरसं पोसते, तिला मी अजून भेटलेच नाय. आधी तिला भेटू दे."

मग ती उठली. दारातल्या अंजिराचं एक पान तोडलं, त्यावर कढईतला चमचाभर भात घेतला आणि बांधावर जाऊन बसली. मी पाण्याचा ग्लास घेऊन मागे गेले. तिने पान मातीवर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, कणसरीचं नाव घेतलं, आपल्या पितरांचं घेतलं, आणि मग मला विचारलं, ह्या गावाचं नाव काय. मी सांगितलं. तिने तेही घेतलं, तिला जमेल तसं. मालक हातातलं फडकं खांद्यावर टाकून शेजारी उभा राहिला होता. काय चाललंय हे त्याने विचारलं नाही, फक्त डोक्यावरची टोपी काढली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परत येऊन आई पोटभर जेवली. करपून तळाला लागलेला भात इथे मानाचा, तो तिने खरवडून मला वाढला. म्हणाली, मीठ बरोबर आहे, मिरची कुठंय.

ती गेली आणि त्या ऑक्टोबरात फोनवर "नवं खायला ये" म्हणाली नाही. तू तिकडचं खाल्लंस ना, बास, एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, सुटले. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. नऊ वर्षं ती बोलावत होती तेव्हा मला रजा मिळाली नाही. तिने बोलावणं थांबवलं, आणि मी यंदाच्या ऑक्टोबरची रजा मागायला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले.

तेव्हा येणाऱ्यांनो, सप्टेंबरात या. आधी बांधावर जाऊ, अंजिराचं पान मालक स्वतःच तोडून देतो आता, मग जेवू. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र येऊ नका. दाराला कुलूप असेल. आई, माझं पान मांडून ठेव.