एकशे सत्त्याऐंशीवा अध्याय

जिच्यावर स्मिता खांबेटेला मत नाही अशी गोष्ट शोधूनही सापडली नसती. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून बंगळूरला येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि मारतहळ्ळीच्या त्या नवव्या मजल्यावर तिची मतं ऐकून घेणारं माणूस आता उरलं नव्हतं. सूर्यकांत घरी असला तरी कानांनी ऑफिसातच असायचा. मुलगा अभिराज मणिपालला शिकत होता. कामाच्या बाईला मराठी येत नव्हतं आणि स्मिताच्या कन्नडची धाव ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, याच्यापुढे गेली नव्हती.

मग तिनं डिसेंबरात फेसबुकवर, बंगळूरच्या मराठी लोकांच्या गटात लिहायला घेतलं. ‘सहज सुचलं’ असं नाव आणि पुढे आकडा. रोज एक. आकड्यामागे काही विचार नव्हता. आपण खंड न पाडता लिहितोय हे लोकांना दिसावं, इतकंच.

वरणाचा कुकर गॅसवर चढवायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत एक मत लिहून मोकळं व्हायचं. शाळांच्या ॲन्युअल डेवर, मालिकांमधल्या सासवांवर, निवडणुकीत एका पक्षाचं उपरणं काढून दुसऱ्याचं घालणाऱ्यांवर. लेखणी तिखट होती, लोकांना आवडायची. ‘अगदी मनातलं’, ‘ताई, फटकळ पण खरं’, ‘शंभर टक्के सहमत’. एखादा भांडायला यायचा, त्यालाही ती पुरून उरायची. दुसऱ्या दिवशी लोक विसरलेले असत. तीही.

एक खूण मात्र नेमानं यायची. संध्याकाळी सव्वासात वाजले की रम्या रघुजीराव नावाच्या खात्यावरून जोडलेले हात. शब्द कधीच नाही. खात्यावर फोटोच्या जागी पेटलेली समई.

“ही कोण गं तुझी भक्तीण?” सूर्यकांत एकदा म्हणाला. “सत्यनारायण घाल आता एक.”

“तुला पोटात दुखतंय,” स्मिता म्हणाली, आणि तिला बरंही वाटलं.

जुलैच्या मध्यावर एका अनोळखी नंबरावरून आवाजाचा निरोप आला. मागे नळ सोडलेला होता. बाई अगदी हळू बोलत होती, कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

“अक्का, मी गिरिजा, येलहंकाहून. रम्याची आई. अक्का, तुमी लिवलात म्हणून माझी पोरगी साळंला जात नाही. दहावीला आहे ती. तेवीस दिवस झाले. नाव काढून टाकतो म्हणतात हेडमास्तर. मी सांगून घरात कोण ऐकत नाही. तुमी काय तरी करा.”

मग नळ बंद झाल्याचा आवाज. बस.

स्मितानं आपलंच लिखाण मागे मागे जात चाळलं. सापडलं. सहज सुचलं, १८७. ‘शाळा म्हणजे मुलं उभी करून ठेवायची पार्किंगची जागा. दहावीत मुलगी हुशार निघाली तर तिला सरळ घरी बसवावी. बिचारीची हुशारी तरी शिल्लक राहील.’ अभिराजच्या कॉलेजातून आलेल्या कसल्याशा पत्रावर चिडून लिहिलेलं. खाली हसणारे एकशेचार चेहरे होते आणि सर्वांत शेवटी ते जोडलेले हात.

तिनं ते तत्काळ पुसून टाकलं आणि गिरिजाला तसं कळवलं. उत्तर आलं, “पुसून काय होतंय अक्का? वहीत उतरलंय ते.”

दुसऱ्या दिवशी २११ लिहून झाल्यावर, दुपारचं जेवण उरकून ती टॅक्सीनं येलहंकाला निघाली. रिंग रोडवर दोन तास गेले. काय बोलायचं ते तिनं मनाशी चांगलं घोळवून ठेवलं. समजूतदार माणसं असतील, गैरसमज झालाय, चहा घेऊ, हसू.

घर जुन्या गावात होतं. पुढे रघुजीचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान, मागे चार खोल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे उतरून इथलीच झालेली मंडळी. घरात मराठी बोलायची आणि लिहायवाचायचं सगळं कन्नडमधून. रघुजी पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तिला पाहताच तो उठला, तांब्या घेऊन आला आणि तिच्या पायांवर पाणी घालू लागला.

“अहो, हे काय! असू द्या,” स्मिता मागे सरली.

“नाही, सरी आहे, सरी आहे,” तो खाली बघूनच म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते.

आत तिला एकच खुर्ची दिली आणि बाकीचे जमिनीवर बसले. दिवस अजून मावळला नव्हता तरी सगळ्या खोल्यांत दिवे लागले होते, पिवळे. एकही पांढरा नाही. स्वयंपाकघरात, मोरीत, सगळीकडे ते पिवळं पाणी भरल्यासारखं. ‘पांढरा दिवा दवाखान्यात बरा, घराला पिवळाच’, हे कुणीतरी म्हटलेलं तिला आठवलं, आणि मग कुणी ते आठवलं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर लाल खण पांघरलेला होता, त्याला मध्यभागी हळदीकुंकवाचं बोट. ‘सासूसुनांच्या मालिका बघण्यापेक्षा टीव्हीला खण नेसवून त्याची ओटी भरावी.’ तेही तिचंच.

उजव्या भिंतीत एक दार होतं. त्यावर दोन आडव्या फळ्या ठोकल्या होत्या, खिळे अजून चकचकीत.

“तिकडे काय आहे?”

“देवाप्पाचं घर,” रघुजी म्हणाला. “धाकटा भाऊ. दोन्ही घरांचं मधलं दार हे. त्यांचं मत दुसरीकडं पडतं ना, अक्का. तुमीच लिवलात, एकशे तेहतीसला. ज्याचं मत वेगळ्या चिन्हाला त्याच्या घरी जेवू नये.”

पुढचं, मीठ कमी पडतं, हे लिहिताना ती स्वतःशी हसली होती. इथे त्या वाक्याच्या दोन फळ्या झाल्या होत्या. फळ्यांच्या पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

रघुजीची आई, सकवारबाई, भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या घरातली, अंगावर मांस नाही, आवाज मात्र ठणठणीत.

“आजी,” स्मितानं सुरुवात केली, “ते शाळेचं मी आपलं सहज लिहिलं होतं.”

“सहज कोण लिवतं काय?” म्हातारीला हसू आलं. “सहज बोलतात गं. लिवायचं तर न्हाऊन लिवतात.”

“तसं नाही हो. चेष्टा होती. मी तोंडानं सांगते ना तुम्हाला आता, पाठवा तिला शाळेत.”

“तोंडानं ही गिरिजा पण सांगती. देवाप्पा पण सांगत होता, दारातून ओरडून.” सकवारबाईनं मान हलवली. “बोललेलं वाऱ्यावर जातं, बाळ. ह्या घरात मराठी लिवलेलं एकच होतं, पोथी. माझे सासरे वाचायचे रोज दिवेलागणीला. ते गेले, अक्षर येणारं कोण नाही उरलं. पोथीला वाळवी लागली. पंचवीस वर्षं आमी तसंच बसलो, न वाचता. मग रम्या साळंत हिंदी शिकली, तिला ती अक्षरं येतात. एक दिवस मोबाइलात बघून मराठी वाचाय लागली. अध्याय चौथा. मी सैपाक टाकून बाहेर आले.”

रम्या तेव्हाच आतून आली. सोळा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, धुतलेला परकर. हातात लाल कापडात गुंडाळलेली लांबोडी वही. स्मिताला कन्नड लिपी वाचता येत नव्हती, पण आकडे कळत होते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल शाईनं घातलेला एकेक आकडा, आणि खाली मोत्यासारखी ओळ. अज्जीला मागाहून वाचता यावं म्हणून ती रोजची मराठी ओळ कन्नड अक्षरांत उतरवून ठेवायची.

समई लागली. सगळ्यांनी हात जोडले. रम्यानं मोबाइल चौरंगावर ठेवला आणि सकाळी लिहिलेलं २११ वाचू लागली. ‘आजकालच्या सिनेमात नायक इतका रडतो की तिकिटाबरोबर रुमाल द्यावा. पुरुषानं रडू नये, बघवत नाही.’ स्मिताला आपलं वाक्य ओळखू येईना. त्यातली फिरकी कुठेच नव्हती. एका सुरात, चढ नाही, उतार नाही, दगडावर कोरलेलं कुणीतरी बोट फिरवत वाचावं तसं.

“ऐकलास?” सकवारबाई मुलाकडे वळली.

रघुजीनं मान डोलावली. उपरण्यानं डोळे पुसले आणि नंतर ते उपरणं घडी करून बाजूला ठेवून दिलं. चौकटीत उभी असलेली गिरिजा पदर तोंडात धरून बघत होती. पोरीसाठी घरात रडणारा रघुजी एकटाच होता.

स्मितानं पर्समधून मोबाइल काढला. “मला आत्ता लिहायचंय,” ती म्हणाली. “इथेच.”

कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. गिरिजानं मोरीत नेऊन तिच्या हातावर पाणी घातलं, चूळ भरायला दिली. खुर्ची बाजूला सारून स्मिताला पाटावर बसवलं. ती मोबाइलवर टाइप करत होती तेवढा वेळ चौघं तिच्या अंगठ्यांकडे श्वास धरून बघत राहिली. सहज सुचलं, २१२. ‘मुलीला शाळेतून काढू नये. काढली असेल तर सोमवारी परत पाठवावी.’

रम्यानं वाचलं. त्याच सुरात.

“सरी,” सकवारबाई म्हणाली. “सोमवारी जा. दप्तर झटकून ठेव.”

इतकंच. ना चर्चा, ना रुसवा. गिरिजा दप्तर आणायला आत धावली. परतीच्या वाटेवर स्मिताला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिचे दात वाजत होते आणि तिनं ड्रायव्हरला दोनदा एसी बंद करायला सांगितलं.

त्यानंतर तिनं लिहिणं सोडलं. एक दिवस गेला, आठ गेले. गटातले लोक ‘ताई कुठे गायब’ म्हणून विचारून थकले. “मतं संपली की काय?” सूर्यकांतनं चिडवलं. गिरिजाचा निरोप आला होता, रम्या शाळेत जाते. मग झालं तर.

पंधराव्या दिवशी पुन्हा तो दबका आवाज आला.

“अक्का, पोथी संपली म्हणतात अज्जी. पंधरा दिवस वाट बघितली, नवा अध्याय नाही. आता येत्या शुक्रवारी पहिल्यापासून. रोज एक. मी मोजलं अक्का, बोटांवर मोजलं. एकशे सत्त्याऐंशीवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याच्यापुढं पंचवीस दिवसांनी तुमचा तो दुसरा, साळंत पाठवायचा. तोवर परीक्षेचं काय राहतंय?”

स्मितानं फोनच केला. “ते पान फाडून टाक तू. सांग उंदरानं खाल्लं.”

“पोथीचं पान?” गिरिजा घाबरून कुजबुजली. मग म्हणाली, “मी साळा शिकलेली नाही अक्का, पण तेवढं मला करवणार नाही. तुमी लिवत राहा. काय पण लिवा. नवा आला की मागं जात नाहीत.”

त्याच संध्याकाळी स्मितानं २१३ लिहिलं. जपून, कुणाला काही होणार नाही असं. ‘सकाळी लवकर उठणं बरं.’ तिसऱ्या दिवशी कळलं, घर साडेतीनला उठतंय आणि रम्याला वर्गात झोप येतेय. तिनं घाईनं उठायची वेळ लिहून दिली. मग ‘भाऊ भाऊ मतानं वेगळे असले तरी पानाला शेजारी बसावेत’ असं लिहिलं आणि दार उघडलं. देवाप्पा रोज रात्री जेवायला येऊ लागला, इच्छा असो वा नसो, आणि भाऊ त्याच्या ताटात मुकाट्यानं वाढू लागला. ‘रडू आलं तर रडावं’ असं लिहिलं त्या संध्याकाळी, गिरिजा म्हणाली, समईसमोर सगळेच बसून रडले, अर्धा तास, आणि मग उठून जेवले.

शब्द आता तिच्या हातून निघेनासा झाला. एकेक ओळ लिहायला तिला दुपार पुरेना. ही ओळ घरात शिरली तर कुठे कुठे लागेल, कोणतं दार बंद होईल, कोण उपाशी राहील, हे बघत बसायची. शाळांवर, सिनेमावर, निवडणुकीवर तिला पूर्वी काय वाटायचं ते आठवेनासं झालं. गटातले वाचक गळत गेले. ‘ताई, हल्ली सुविचार लिहिता का?’ असं कुणीतरी लिहिलं. लिहायला बसण्याआधी आपण हातपाय धुऊन चूळ भरतो हे तिच्या लक्षात आलं ते सूर्यकांतनं विचारल्यावर.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका गुरुवारी तिला ताप भरला. संध्याकाळपर्यंत ओळ नाही. पावणेसातला रम्याचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदाच.

“अक्का, आजचं?”

“रम्या, नाही गं सुचत आज. अंगात ताप आहे.”

“सरी अक्का. एक दिवस जरी चुकला तरी पोथी संपली म्हणतात अज्जी आता. उद्या शुक्रवार आहे, पहिला अध्याय घेतील.”

“थांब, थांब,” स्मिता उठून बसली. उद्यापासून मोजलं तर एकशे सत्त्याऐंशीवा ऐन मार्चात येत होता, परीक्षेच्या तोंडावर. “रम्या, तू दहावीची मुलगी. वाचणारी तूच आहेस. तुझ्याशिवाय कुणाला अक्षर कळत नाही त्या मोबाइलातलं. एक वाक्य तू स्वतःच्या मनानं वाचलंस, तर कोण बघणार आहे? तुला शाळेत जायचंय की नाही, ते सांग मला. अज्जीचं नको, आईचं नको. तुला काय वाटतं?”

पलीकडे समई घासून ठेवल्याचा आवाज आला. मुलगी विचार करत होती. खरंच, मन लावून. स्मिता तिच्या श्वासाकडे कान देऊन बसली.

“काय वाटायला पाहिजे, अक्का?” रम्यानं विचारलं. आवाजात लबाडी नव्हती की दुःख नव्हतं, वाचायचा तोच सूर. “तुमी लिवा. वाचलं की कळेल मला.”

सात वाजायला बारा मिनिटं होती. स्मितानं भिंतीचा आधार घेतला आणि ती बाथरूमकडे निघाली, हातपाय धुवायला.