हळदीच्या दिवशीची मीटिंग

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी तेव्हा पनवेलला तपास अधिकारी होतो. पळस्प्याजवळच्या एका कारखान्यात बॉयलरचा व्हॉल्व्ह उडाला आणि सुकापूरच्या एका तरुण कामगाराचे डोळे गेले. व्हॉल्व्ह बिघडल्याचं वरती कळवलं होतं, असं इंजिनिअरने जबाबात सांगितलं. मग दुरुस्ती थांबवली कोणी?

तिघा संचालकांनी चेअरमनकडे बोट दाखवलं. चेअरमन म्हणजे सुकापूरचेच एक काका. कारखान्याची जमीन मूळची त्यांची, म्हणून मानाची खुर्ची त्यांना. मीटिंगमध्ये त्यांनीच खर्चाला नकार दिला, असं तिघेही ठामपणे सांगत होते. काका मान खाली घालून गप्प. अटकेची तयारी चालू असतानाच ठाण्यात एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं नाही. मीटिंगच्या दिवशी काकांच्या मुलीची हळद होती, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी तिघांना वेगवेगळं बसवलं. त्यातले एक, पुण्याहून आलेले संचालक, स्वतःला फार हुशार समजत. हळदीचं आमंत्रण होतं का, म्हणून सहज विचारलं. होतं, म्हणाले. मग काका मीटिंगला कसे?

"साहेब, हळद म्हणजे घरातल्या बायकांचा कार्यक्रम. ते दुपारी येऊन गेले."

माझं डोकंच फिरलं, पण चेहरा शांत ठेवला. इकडच्या गावांत हळद लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव जेवतं, पहाटेपर्यंत नाचतं. मुलीचा बाप मांडव सोडून मीटिंगला जाईल? आचारी, बँडवाले, शेजारी, सगळ्यांचे जबाब घेतले. काका दिवसभर मांडवातच होते. हे समोर ठेवल्यावर दुसऱ्या संचालकाचा धीर सुटला. निर्णय तिघांचाच होता.

काकांना हे सांगितलं आणि विचारलं, मग इतके दिवस गप्प का राहिलात?

"काय सांगू साएब? त्या दिवशीच नाय, मी कदीच नवतो तिथं. कोनी सांगितलं नाय, आन मी इचारलं नाय. डोळे गेलेला पोरगा माज्याच आळीतला हाय."

दोषारोपपत्रात तिघांबरोबर निष्काळजीपणासाठी काकांचंही नाव गेलं. लिहिताना मला वाईट वाटलं, पण खोडलं नाही. उभ्या नोकरीत 'मी तिथे नव्हतो' हे सिद्ध झालं की आम्ही माणसाला सोडून द्यायचो. काकांच्या बाबतीत तोच गुन्हा ठरला.